कळत नाही म्हणून सुचतं

गर्दीत कुठेही बसले ना, की मी सगळ्यात आधी लोकांचे हात बघते. चेहरा नंतर. चेहऱ्यावर माणसाचा बऱ्यापैकी ताबा असतो, चारचौघांत कसं दिसायचं हे ठरवूनच आपण बाहेर पडतो, पण हात आपल्याच नादात असतात. कुणी तिकिटाची सुरळी करतं, उलगडतं, परत करतं. कुणी पर्सची चेन अर्धी उघडून आत न बघताच लावून टाकतं. परवा एक विशीतला मुलगा बघितला, शेजारची सीट रिकामी होती तरी सॅक मांडीवर आणि सॅकचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलेला. चेहरा बघावा तर कानात इअरफोन, डोळे मिटलेले, मान हळूहळू डोलतेय. एकदम निवांत! आणि हात असे की कुणीतरी आत्ता येऊन सॅक ओढणार आहे. झालं, माझं डोकं सुरू झालं, माझा स्टॉप येईपर्यंत मी त्या पट्ट्याचाच विचार करत होते.

मी कथा लिहिते आणि माझ्या निम्म्याहून जास्त कथांची सुरुवात अशीच कुठेतरी झालीये, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, लिफ्टमध्ये, बँकेत टोकन नंबरची वाट बघताना. त्यामुळे नव्याने लिहायला लागलेलं कुणी भेटलं आणि "विषयच सुचत नाही गं" म्हणालं की मी सांगते, जरा बाहेर जाऊन बस, माणसं बघ. पण या सल्ल्यात एक गोची आहे, ती म्हणजे लोक बाहेर जाऊन इंटरेस्टिंग माणसं शोधायला लागतात. भडक कपडे घातलेली बाई, मोठमोठ्याने भांडणारं जोडपं, स्वतःशीच बोलणारे आजोबा. त्यातून किस्से मिळतात, मित्रमंडळींत सांगायला छान असतात, पण किस्सा तिथल्या तिथे पूर्ण झालेला असतो, त्यात आपल्याला करायला काही उरतच नाही. माझा अनुभव असा आहे की अनोळखी माणसाबद्दल आपल्याला काही कळलं म्हणून गोष्ट सुचत नाही, काहीतरी एक अगदी स्पष्ट दिसलं आणि त्याचं कारण मात्र कळलं नाही, तेव्हा ती सुचते. दोन्ही एकदम लागतं. नुसतं न कळून उपयोग नाही, तसं तर जगात आपल्याला काहीच कळत नसतं.

आता स्पष्ट दिसणं म्हणजे काय, तर याबद्दल मला फ्रेंच कथाकार मोपासाँने १८८८ च्या त्याच्या एका प्रस्तावनेत सांगितलेली गोष्ट फार आवडते. कादंबरीकार फ्लोबेर त्याचा गुरू. तो या शिष्याला म्हणायचा की दारात बसलेला किराणावाला असेल, पाइप ओढत बसलेला इमारतीचा रखवालदार असेल, मला तो असा दाखव की जगातल्या दुसऱ्या कुठल्याही किराणावाल्याशी किंवा रखवालदाराशी माझी गल्लत होणार नाही. आणि भाड्याच्या गाड्यांचे घोडे रांगेत उभे असतील तर त्यातला हा एक घोडा बाकीच्या पन्नासांपेक्षा कुठे वेगळा आहे ते मला एका शब्दात कळलं पाहिजे. किती अवघड आहे हे करून बघा कधीतरी. आपण माणसाकडे बघतो आणि मेंदू लगेच लेबल चिकटवून मोकळा होतो, कॉलेजचा मुलगा, थकलेली बाई, रिटायर्ड काका. लेबल लागलं की बघणं बंद. "थकलेली बाई" हे मी वहीत लिहिलं तर त्यात मी काहीही बघितलेलं नसतं. तिने एका पायातली चप्पल काढून त्या पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्याला टेकवलाय आणि तशी एका पायावर उभी राहून ती फॉर्म भरतेय, हे मात्र मी बघितलेलं असतं. त्यात थकवा असेलही, नसेलही, ते नंतर बघू.

एक उदाहरण सविस्तर सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

बसमध्ये माझ्या तिरक्या समोर एक साठीचे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात नीट पॉलिश केलेले बूट. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल आणि मोठं, सुतळीने बांधलेलं. सुतळीला मधोमध गाठ, आणि ती गाठसुद्धा नीटनेटकी, फुलासारखी. स्पीडब्रेकर आला की ते गृहस्थ दोन्ही हातांनी ती वस्तू उचलून छातीशी धरायचे, बस सरळ झाली की परत मांडीवर. मग एका वळणावर कागद थोडा फाटला आणि आत भिंतीवरचं घड्याळ दिसलं. चालू होतं. सेकंदकाटा सरकताना दिसत होता, पण वेळ मात्र बरोबर दोन तासांनी मागे. त्या गृहस्थांनी फाटलेल्या कागदातून घड्याळ बघितलं, मग स्वतःच्या मनगटावरचं बघितलं, आणि फाटलेल्या जागेवर तळहात ठेवला. झाकल्यासारखा. नंतर उतरेपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

एवढंच. माझ्याकडे असलेली सगळी माहिती मी तुम्हाला देऊन टाकली, यापेक्षा जास्त मला काहीही माहीत नाही. मी विचारू शकले असते, बसमध्ये लोक बोलतातच की, "काका, रिपेअरला नेताय का?" असं सहज म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण मी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर मला एक खरी हकीकत मिळाली असती आणि ती त्यांची असती, मी फार तर ती उतरवून घेतली असती. आणि मला तो झाकणारा हात पाहिजे होता. घड्याळ बंद असणं समजू शकतं, मागे पडणंही समजू शकतं, पण चालू असलेलं चुकीचं घड्याळ कुणापासून झाकायचं असतं?

घरी येऊन मी लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा काय सुचलं असेल? मुलगा परदेशात असतो आणि हे घड्याळ तिकडच्या वेळेवर लावलंय. तुम्हालाही वाचता वाचता तेच सुचलं असेल, बरोबर ना? म्हणूनच मी ते टाकून दिलं. पहिलं उत्तर आपलं नसतंच, ते सगळ्यांचं असतं, सिनेमात, मालिकांत, जाहिरातीत बघून बघून ते आपल्या तोंडावर तयार असतं. दुसरं सुचलं की घड्याळ त्यांच्या बायकोच्या मृत्यूच्या वेळेला... नाही, ते तर पहिल्यापेक्षाही तयार. आणि शिवाय घड्याळ चालू होतं! इथे स्पष्ट बघितल्याचा फायदा होतो, जे डोळ्यांनी बघितलंय ते आपल्याला सोप्या उत्तराकडे जाऊ देत नाही. ते चालू होतं, बरोबर दोन तास मागे होतं, आणि त्यांना ते माहीत होतं. मग ते दुरुस्त का नाही केलं, मागच्या चावीने काटे फिरवायला कितीसा वेळ लागतो?

तिथून मला हळूहळू असं दिसायला लागलं की त्यांनी ते पूर्वी अनेकदा दुरुस्त केलंय. सकाळी बरोबर लावतात आणि संध्याकाळी ते परत दोन तास मागे असतं. आता ते दुकानात दाखवायला चाललेत, आणि दुकानदार उघडून बघणार आणि म्हणणार, साहेब, यात काहीच बिघाड नाहीये. म्हणजे घरातलं कुणीतरी रोज खुर्चीवर चढून काटे मागे फिरवतंय. आणि त्यांना ते आधीपासून माहितीये, कोण करतंय तेही माहितीये, तरीही ते घड्याळ घेऊन निघालेत, कारण बिघाड घड्याळातच निघावा अशी त्यांची इच्छा आहे. तो झाकणारा हात मला तिथे कळला, म्हणजे माझ्या कथेपुरता कळला. पुढची कथा मी घरातल्या त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने लिहिली, तो भाग वेगळा.

त्या खऱ्या गृहस्थांच्या बाबतीत कदाचित साधं सेल बदलण्याचं काम असेल. असू दे ना.

हे न कळण्याचं जे म्हणतेय त्याला मला एके ठिकाणी फार छान आधार सापडला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना स्क्रीनवर लक्ष एकवटून करायचं काम दिलं आणि मागे फोनवरचं बोलणं ऐकवलं. दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकू येत होतं तेव्हा किंवा एकच माणूस सलग बोलत होता तेव्हा फारसा त्रास झाला नाही, पण फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू ऐकू आली की लोकांच्या कामात चुका व्हायला लागल्या. म्हणजे शब्द कमी आणि व्यत्यय जास्त! कारण पुढे काय बोललं जाईल याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो आणि अर्ध्या संभाषणात तो अंदाज लागत नाही, मग तो सगळं काम सोडून तिथेच अडकतो. आपल्याला वाटतं की शेजारचा फोनवर बोलतोय म्हणून आपल्याला चीड येतेय, प्रत्यक्षात आपण आतल्या आत त्याच्या फोनमधल्या पलीकडच्या माणसाचे डायलॉग लिहीत असतो. प्रत्येक जण. लेखक असो नसो.

मला तर लिहिणाऱ्यांसाठी यासारखा दुसरा रियाज माहीत नाही. वेटिंग रूममध्ये एक बाई फोनवर होती, माझ्याकडे पाठ करून. "हं." मग बराच वेळ काही नाही. "नाही, तू बोल, ऐकतेय मी." परत शांत. मग आवाज अजिबात न चढवता, "बरं मग आता चावी कुणाकडे आहे?" आणि त्यावर पलीकडून जे काही आलं त्याच्यावर ती हसली. छोटंसं, नाकातून. आणि म्हणाली, "वाटलंच मला." फोन ठेवून तिने पर्समधून रुमाल काढला आणि फोनची स्क्रीन पुसायला लागली, कडेकडेने, अगदी कोपऱ्यात नख घालून. हे मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं, आणि मग पलीकडच्या ओळी भरायला घेतल्या. पलीकडे भाऊ ठेवून बघितला, मग पूर्वीचा नवरा, मग घरमालकीण, मग दहा वर्षांचा मुलगा. दर वेळी "वाटलंच मला" चा अर्थ बदलतो. मुलगा ठेवला तर ते प्रेमाने म्हटलेलं होतं, भाऊ ठेवला की एकदम थंडगार. तिचा एकही शब्द मी बदललेला नाही हां. संवाद लिहिण्याबद्दल जे मला दहा लेख वाचून समजलं नसतं ते यातून समजलं, की वाक्याचं वजन वाक्यात नसतं, ते कुणाला म्हटलंय यात असतं.

आणि थोडं मिळूनही केवढं मोठं काम होऊ शकतं याचं एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन कादंबरीकार पॅट्रिशिया हायस्मिथ. १९४८ च्या डिसेंबरमध्ये ती न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात काम करत होती, नाताळच्या गर्दीपुरती नोकरी. एक सोनेरी केसांची, मिंक फरचा महागडा कोट घातलेली बाई आली, तिने बाहुली घेतली, ती घरी पोचवण्यासाठी नाव-पत्ता दिला आणि निघून गेली. अगदी रोजच्यासारखी विक्री. हायस्मिथ घरी गेली आणि त्या संध्याकाळी साधारण दोन तासांत तिने अख्ख्या कादंबरीचा आराखडा लिहून काढला. दुसऱ्या दिवसापासून तिला ताप, निघाल्या कांजिण्या, पण आराखडा वहीत उतरला होता. १९५२ मध्ये ती कादंबरी टोपणनावाने आली. त्या बाईशी बोलणं झालं ते बाहुलीपुरतं आणि पत्त्यापुरतं. मला नेहमी वाटतं, दोघींच्या अर्धा तास गप्पा झाल्या असत्या तर बहुतेक कादंबरी झाली नसती.

पण याच गोष्टीचा पुढचा भाग मला अस्वस्थ करतो. हायस्मिथ नंतर त्या बाईचं घर बघायला तिच्या पत्त्यावर जाऊन आली होती. गुपचूप. त्या बाईला याचा पत्ताही नव्हता. इथे मी थांबते. माझ्यासाठी ती रेषा आहे. सार्वजनिक जागेत माणूस जेवढं दिसू देतो तेवढंच आपलं, त्याच्या मागे जायचं नाही, त्याच्या फोनच्या स्क्रीनमध्ये डोकवायचं नाही, त्याचं नाव शोधून प्रोफाइल बघायचं नाही. आजच्या काळात हे शेवटचं तर फारच सोपं झालंय, कुरिअरच्या पाकिटावर नाव दिसलं की दोन मिनिटांत सगळा माणूस हातात. आणि माणूस हातात आला की गोष्ट गेली, हे तर आहेच, पण ते नसतं तरी मी केलं नसतं.

अर्विंग गॉफमन नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६३ च्या एका पुस्तकात अनोळखी माणसांमधल्या या नजरेच्या व्यवहाराबद्दल बारकाईने लिहिलंय. आपण समोरून येणाऱ्याकडे क्षणभर बघतो, म्हणजे तू आहेस याची नोंद घेतली असं त्याला कळवतो, आणि लगेच नजर काढून घेतो, म्हणजे माझ्यापासून तुला काही धोका नाही आणि मला तुझ्याशी काही देणंघेणं नाही हेही कळवतो. गर्दीत एकमेकांना दिलेला हा मोकळेपणा आहे, त्याच्याशिवाय लोकलच्या डब्यात किंवा लिफ्टमध्ये उभं राहणं अशक्य होईल. लिहिणारा माणूस तो करार थोडा थोडा मोडत असतो, याची त्याला जाणीव तरी असली पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं. एखाद्या बाईकडे कुणी टक लावून बघतंय तेव्हा तिला काय वाटतं हे मला चांगलं माहितीये. तो लेखक आहे की अजून कोण आहे हे तिला कळायला मार्ग नसतो, आणि तिने ते समजून घ्यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

म्हणून मी टक लावत नाही. खिडकीच्या काचेत बघते, संध्याकाळ झाली की बाहेर अंधार आणि आत दिवे असले की अख्खा डबा काचेत दिसतो. हात, पाय, पिशव्या बघते. डोळे मिटून ऐकते, हे तर खूपच उपयोगी आहे, आवाज एकटा ऐकला की त्यातलं हसू खरं आहे की ओढून आणलेलं ते लगेच लक्षात येतं. आणि फोटो कधीच काढत नाही. वॉकर इव्हान्स या फोटोग्राफरने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून, बटणांच्या मधून लेन्स काढून समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले होते, आणि त्यांचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. मधली पंचवीस वर्षं. ते फोटो विलक्षण आहेत, आपल्याकडे कुणी बघत नाहीये असं वाटणारे माणसांचे चेहरे कसे असतात ते त्यात दिसतं. ते बघताना मी हरखूनही जाते आणि मला चोरी केल्यासारखंही वाटतं, दोन्ही एकदम. फोटोत माणूस तोच राहतो. कथेत मला त्याला बदलायची सोय आहे आणि ती सोय मी वापरते: वय बदलते, बाईचा पुरुष करते, जागा तर नेहमीच बदलते. घड्याळवाले गृहस्थ कथेत घड्याळ नेत नाहीत, दुसरंच काहीतरी नेतात (काय ते सांगत नाही). ठेवायचं असतं ते फक्त ते न जुळणारं, झाकणारा हात. मुळात बाकी काही मी घेतलेलंच नसतं.

नोंदींबद्दल एक. लगेच लिहा. संध्याकाळपर्यंत ठेवलं तर आपल्या नकळत आपण त्याची गोष्ट करून ठेवतो, जे जुळत नव्हतं ते जुळवून टाकतो, आणि मग वहीत खरं काही उरतच नाही. आणि लिहिताना "उदास", "आनंदी", "संशयास्पद" असले शब्द टाळा, ती आपली मतं असतात. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये सलग तीन दिवस पॅरिसच्या सॅं-सुल्पिस चौकात येऊन बसला आणि काहीच घडत नसताना काय घडतं ते लिहीत राहिला. ८६ नंबरची बस गेली, ९६ नंबरची गेली, कबुतरं उडाली, कुणी पिशवी घेऊन गेलं. त्यात कुठेही "इंटरेस्टिंग" माणूस नाहीये आणि तरी वाचताना आपण बांधले जातो. मी स्वतः असं तासन् तास करू शकत नाही, मला कथा पाहिजे असते, पण वही कोरडी पडली की मी थोडा वेळ त्याच्यासारखं लिहून बघते, नुसतं कोण गेलं, हातात काय होतं, कुठल्या बाजूला वळलं. पाच-सहा पानं रुक्ष जातात आणि मग एकदम कुणीतरी एकाच पायात मोजा घातलेलं दिसतं.

काही जण म्हणतात की हे सगळं जरा कोरडं आहे, माणसांकडे मटेरियल म्हणून बघायचं. मला तसं होत नाही. उलट जेवढं बघत गेले तेवढा माझा झटकन मत बनवायचा स्वभाव कमी झाला. काउंटरवर खेकसणारा माणूस दिसला की पूर्वी मी त्याला तिथेच निकालात काढायचे, आता त्याच्या हातातल्या फाइलकडे लक्ष जातं, तिच्यावर तीन वेगवेगळ्या शाईंत खोडलेले नंबर दिसतात, आणि मला तो आवडत नाही तरी मी त्याच्याबद्दल काही ठरवू शकत नाही. लिहिणाऱ्याला ही अवस्था लागते. पात्राबद्दल सगळं ठरलं की ते पात्र कागदावर आडवं पडतं, पुढे काही करतच नाही.

सध्या चावीवाली बाई चालू आहे. पलीकडे शेवटी मी मुलगा ठेवलाय, दहाचा होता तो आता सोळाचा केलाय, कारण दहा वर्षांच्या मुलाकडे चावी हरवते आणि सोळा वर्षांचा ती कुणाला तरी देऊन टाकतो, आणि मला देऊन टाकलेली पाहिजे होती. "वाटलंच मला" पर्यंत मस्त आलंय. अडलंय ते स्क्रीन पुसण्यापाशी. ती फोन ठेवून इतक्या बारकाईने, कोपऱ्यात नख घालून काच का पुसते हे मला अजून माहीत नाही, पहिली दोन उत्तरं आली आणि गेली. आज रात्री परत बसणार आहे त्याच्यावर.